अर्धी गोळी

जयवंतच्या कोटाच्या खिशात
बसचं तिकीट, पेपरमिंटचा चुरगळलेला कागद,
आणि ही. फिकट पिवळी, अर्धी,
सुरीने कापलेली, कडेला भुगा.
वर एक आकडा. सात असावा,
किंवा नुसता ओरखडा.
बाकीचं कापण्यात गेलं.

ओट्यावर बशीत ठेवून भिंगातून पाहिली.
माझी थायरॉइडची पांढरी, बारीक.
त्याची बीपीची गुलाबी.
ही कुणाचीच नाही.
जिभेला लावावीशी वाटली;
तुरटी की खडीसाखर, आई अशीच ओळखायची.
नाही लावली.

डंडीत डिसेंबरचे चार, म्हणजे रात्रच.
कोपऱ्यावरच्या फार्मसीत मॉरॅगने
चष्मा कपाळावर चढवून
ती उलटीसुलटी केली.
अर्धीवरून नाही सांगता येत गं, म्हणाली,
म्हणजे तिचं इंग्रजी मला असं ऐकू येतं.
उरलेली अर्धी कुठाय?

घरी तो भात लावत होता,
बोटाच्या पेराने पाणी मोजत.
बशी त्याच्या कोपरापाशी सरकवली.
त्याने झाकण लावलं.
एक शिट्टी झाली. दुसरी.
"मार्चपासून घेतोय,"
कुकरकडेच बघत म्हणाला,
"आधी अख्खी होती."