इंगुगुंडी

नोटीस आली ती कन्नडमध्ये,
अनगोळच्या पत्त्यावर,
मुतगेकर या आडनावात एक वेलांटी जास्त.
शाळेत तिसरी भाषा म्हणून शिकलेली अक्षरं
डाळीतले खडे शोधावेत तशी बोटानं सारत बसले.
मळे नीरु. हे आपले मळे नव्हेत, मळे म्हणजे पाऊस.
गुंडी. ब्लाउजची नव्हे, खड्डा.
पण इंगु?
इंगु म्हणजे हिंग, एवढं किराण्यातून ठाऊक.
महापालिकेला माझ्या अंगणात हिंगाचा खड्डा हवा होता
तीस दिवसांत, नाहीतर दंड.

मडिवाळप्पा पोटावर हात ठेवून हसला.
"इंगु म्हणजे मुरणं, अक्का.
पाणी ओळगे होगोदु."
आणि मग गंभीर होऊन त्यानं हिरवळीकडे पाहिलं,
म्हणजे हिरवळीच्या जागेकडे.

पुण्याहून गुंडाळ्या मागवल्या होत्या, सतरंज्यांसारख्या.
एप्रिलमध्ये खालच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा,
आषाढात तीच जमीन चिखल होऊन चप्पल धरून ठेवणारी.
गवताला ना हे झेपलं ना ते.
तो तेव्हाच म्हणाला होता, ई मण्णिगे हुल्लु बेड,
या मातीला गवत नको.
मी म्हटलं, तू खत टाक.

तर खणायला घेतलं.
आधी वीतभर तांबडी माती. बिल्डरनं ट्रकानं आणून पसरलेली,
पावडर लावल्यासारखी.
खाली काळी, चिकट, कुदळीला न सोडणारी.
गोगलगायींची शंखं, पिटुकली, पांढरी.
चौथ्या फुटाला दगडांची एक रांग लागली,
नीट रचलेली, तिरकी,
माझ्या कंपाउंडाला अजिबात न जुमानता
शेजारच्या घराखाली गेलेली.

गुंडू चौगुले भिंतीवरून वाकून बघत होते.
"आमचा बांध ह्यो," म्हणाले,
"बासमतीचं वावर हुतं की ओ हे.
तुमचं तुळशीचं हाय न्हवं, तिथं पाट फुटायचा."
आणखी काही बोलले नाहीत.
संध्याकाळी परत आले, बॅटरी घेऊन,
खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले
आणि एक ढेकूळ वासाला नाकाशी धरलं.

खड्डा भरला आणि भरलेलाच राहिला.
चार दिवस. पाण्यात आभाळ, कावळा, माझा चेहरा,
मुरणं तेवढं नाही.
मडिवाळप्पा बैलहोंगलचा, काळ्या मातीत वाढलेला.
म्हणाला, ही पिते कमी, धरते जास्त,
हिला भोसकून खाली जायला हवं.
साडेसात फुटांवर जांभा लागला,
भोकाभोकांचा, तहानलेला.
पाणी बघता बघता उतरलं,
शेवटी घोटासारखा आवाज आला.

बांधाचे दगड आम्ही काढले नाहीत.
त्यांच्या दोन्ही अंगांना अळू, कर्दळ, सोनटक्का,
पाय ओले असले की खूश असणारी मंडळी.
फरशा दारापुरत्या ठेवल्या, बाकीच्या उचलल्या.
रस्त्याकडेला निर्गुडी.

हिरेमठ साहेब आले, टेप लावली,
काठी बुडवून खोली पाहिली,
मग कागदावर झाडांचा रकाना.
मी सांगितलं, निर्गुडी.
त्यांचं पेन थांबलं.
"हंदरे येनु?" म्हणजे काय?
मी पानं चुरगाळून त्यांच्या नाकाशी नेली.
"ओ! लक्कि!
आमची आजी बाळंतिणीच्या पाण्यात घालायची."
लक्कि असं लिहिलं त्यांनी, एकाखाली एक दोन क,
आणि जाताना अबोलीच्या चार फांद्या मागितल्या,
कनकांबर म्हणून.

रात्री खड्ड्यात बेडूक बोलला.
तो कधी आला, कुठून, कुणाच्या वावरातून,
चौगुल्यांना विचारायला हवं.

नोटिशीला उत्तर मी मराठीत दिलं,
सहीखाली कन्नडमध्ये नाव, ती जादा वेलांटी खोडून.
पोच अजून आलेली नाही.