रात्री दहानंतर

डांबर संपलं तिथेच फोनचा आवाज गेला.
पुढे सोळा मैल धूळ.
मागच्या सीटवर टेओ, त्याच्या मांडीवर
चढणीसोबत फुगत चाललेलं वेफर्सचं पाकीट.
दर वळणाला त्याची बातमी: अजून फुगलं, आई. अजून.

लॉस्ट म्यूल कॅम्पग्राउंड, दहा हजार चारशे फूट.
पाटीवर नुसता नन्नाचा पाढा:
पाणी नाही, वीज नाही, कचरापेटी नाही.
एक संडास, खाली खोल खड्डा,
आणि एक लोखंडी पेटी, तिच्यात बारा डॉलर टाकायचे,
कुणी बघत नसलं तरी.
शेवटची ओळ: रात्री दहा ते सकाळी सहा, शांतता.
त्या एका ओळीसाठी
मी वर्षभर शाळेची बस चालवली होती.

अर्धे स्प्रूस उभ्या उभ्या वाळलेले,
सालीखाली किड्यांची नक्षी.
अस्पेनची मात्र वारा नसतानाही चुळबुळ.
हातोडी राहिली अ‍ॅलामोसाला, फ्रिजच्या डोक्यावर,
म्हणून खुंट्या दगडाने ठोकल्या.
चार घाव, मग धाप.
इथे हवासुद्धा रेशनवर.

तीन वाजता पिंटो घेवडा चढवला.
पाणी उकळतं, पण त्या उकळण्यात दम नाही,
नुसता आव.
सहाला दाणा कच्चा. सातला कच्चा.
या उंचीवर कुणाचीच डाळ शिजत नाही.
शेवटी टेओने पाकीट फोडलं
आणि आमच्या गावची हवा
फुस्सकन बाहेर आली.

दहा वाजले. दहा दहा झाले.
शेजारच्या जुन्या आरव्हीचा जनरेटर
घुर्रर्र करत राहिला.
साडेदहाला मी डोक्याला दिवा बांधला,
बस-ड्रायव्हरची ठेवणीतली तीन वाक्यं
तोंडात जुळवली आणि निघाले.

दार उघडलं ते एका बाईने, ओठांवर बोट ठेवून.
तिच्या मागे अरुंद पलंगावर म्हातारा,
नाकात नळी, उशाशी यंत्र,
त्याच्यासाठी श्वास गोळा करणारं.
"बॅटरी अडीच तासच पुरते," नदीन हॅस्केट म्हणाली,
"तुमची झोप मोडली ना?"

मग इतक्या वर कशाला आणलंत,
हे मी विचारलं नाही. तिने ऐकलं.
"एकाहत्तर साली हा इथे वनखात्याच्या टोळीत होता.
ही टेबलं यांनी रोवली, चुलींची कडी यांनी बसवली.
तो संडास व्हर्लिनने खणला, खडक फोडून, अकरा दिवस.
डॉक्टर म्हणाले, सात हजारांच्या वर नको.
हा म्हणाला, बघून तर येऊ, खड्डा भरला का."

माझी तीन वाक्यं
कुठे गेली कोण जाणे.

"घेवडा शिजला नसेल," ती म्हणाली
आणि ओट्याखालून एक जड कुकर काढला,
कान तुटलेला, झाकण सुतळीने बांधलेलं.
त्याला शिट्टी नव्हती. नुसतं एक वजन
टोपणावर डुलत राहायचं, टकटक, टकटक,
अकरा वाजता, स्टोव्हवर, गोठत्या काळोखात.
शांततेचा नियम मीही मोडला.
टेओ झोपेतून उठून आला, घोंगडीसकट,
आणि आम्ही मध्यरात्री घेवडा खाल्ला,
मऊ, पिठूळ, मीठ जरा जास्त.

नंतर तंबूत मी जनरेटर ऐकत पडले.
चारच्या सुमारास तो एकदा अडखळला.
मी कोपरावर उठून बसले,
हात बुटांकडे.
लागला पुन्हा.

सकाळी तंबूवर हिमाची कणी.
धुवायला पाणी नव्हतं, कुकर वाळूने घासला.
न्यायला गेले तर व्हर्लिन बाहेर खुर्चीत,
नळी खिडकीतून ओढून घेतलेली, उन्हाकडे तोंड.
"संडासाचं दार," एकेक शब्द सुटा करत त्याने विचारलं,
"अजून कुरकुरतं?"

कुरकुरतं, मी म्हटलं. भयंकर.

"बिजागरी माझीच आहे," तो म्हणाला
आणि इतका हसला
की नदीनने आतून यंत्राचं बटण एक खूण वर केलं.