धुऱ्याच्या आतलं

हस्केल वाकरूळकर मोजणीदार
लोहीखेडात आले तेव्हा साखळी होती, छत्री होती
आणि एक पेटी, जी शनिवारी उघडत नसे.
शनिवारी साखळीही ओसरीवर पडून राही
सुस्तावलेल्या धामणीसारखी.
धुऱ्यापायी दोन भावांची डोकी फुटायची वेळ आली,
तरी म्हणाले, उद्या. आज जमीन कुणाचीच नाही.

"तेली काय तुमी?" आम्ही इचारलं.
"कोकणात म्हणत तसं. शनवार तेली."
"मंग घाणा कुठी हाय?"
"घाणा आजाबरोबर गेला. शनवार राहिला."

पेन्शनीत त्यांनी चार एकर वावर घेतलं पूर्णेच्या अंगाला
आणि राखणीला मला ठेवलं.
मी गुणवंता, जागल्याचा पोरगा.
डोळा माझा घुबडाचा.

त्या साली जवारी कापली, एक कोपरा उभाच.
मला वाटलं पाखरांसाठी. मग वाटलं मुंज्यासाठी.
तिसऱ्या रात्री तिथं कणसं मोडताना
मी सुरमिला धरली, पारध्यांच्या बेड्यावरची.
ओट्यात दोन पायल्या भरतील एवढं, पाठीला पोट्टं.
पोट्टं रडलंच नाही.
त्याचंच मला अजून

फौजदार खुश, गाव खुश.
पारधी म्हटलं की चोरी शोधावी लागत नाही,
नुसती लिहावी लागते.

दर्यापूरच्या कोर्टात हस्केल टोपी घालून उभे राहिले.
"वावर तुमचं?"
"माझं. सातबारा माझा. मोजणीही मीच केली.
कोपरा धुऱ्याच्या आत आहे, वीतभर बाहेर नाही."
"मग माल तुमचाच."
"नाही साहेब. कोपऱ्यातलं माझं नाही."
"कुणाचं?"
त्यांनी तिच्याकडं बोट नाही केलं, तळहात केला.
"हिचं. म्हणजे हिचंच असंही नाही,
जी उपाशी येईल तिचं.
मी ते कापलं असतं, तर चोर मी."
"कुठला कायदा हा?"
"जुना आहे. तुमच्या कपाटात नसेल."

साहेब बराच वेळ पंख्याकडं पाहत राहिले.
मालकच नाही म्हणतो, तर चोरी कशाची.
सुरमिला सुटली. गेली. वळून पाहिलं नाही.
का पाहावं?
कुणी तिला काही दिलं नव्हतं.

येताना एस्टीत मी म्हणालो, "मला सांगायचं होतं, मालक."
"चुकलंच माझं," ते म्हणाले,
"कोपरा सोडला, राखणदार नाही सोडला."

मग चुन्याची डबी चाचपत सांगितलं:
कोपरा कापायचा नाही, सांडलेलं उचलायचं नाही,
आणि वावरात विसरलेल्या पेंडीसाठी
माघारी फिरायचं नाही.
"काऊन पण?"
"मिसरात आम्ही परके होतो.
गलबत फुटलं म्हणतात, तेव्हा नवगावच्या वाळूवर परके.
इथं तूच घाणा विचारलास.
परक्याचा जीव कसा असतो, हे ज्याला ठाऊक
त्याला दुसरं कारण लागत नाही."

पहिल्या दोन गोष्टी मी शिकलो.
तिसरी जमेना.
मुद्दाम एखादी पेंडी ठेवून यायचो, ते हसायचे.
"हे दान झालं, गुणवंता. विसरणं नव्हे.
ठरवून विसरता येत नाही.
ते पुण्य नकळतच घडावं लागतं."

त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली.
पेटी लेक घेऊन गेली अलिबागला.
वावर विकलं, त्यातलं दीड एकर मी घेतलं.
डोळा आता घुबडाचा राहिला नाही.

काल रात्री जेवताना हातातला घास थांबला.
बाभळीखाली एक पेंडी राहिली.
खरंच राहिली, मोजण्यात आलीच नाही.
उठलो. चपला घातल्या. बॅटरी घेतली.
धुऱ्यापर्यंत गेलोसुद्धा.

तिकडं अंधारात काहीतरी खसफसलं.
रानडुक्कर असेल. माणूस असेल.
मी बॅटरी विझवली.