गुलफूल वकील

मॅकगिलफॉइल असं नाव होतं त्याचं.
केळापूरच्या कचेरीत दोन पेशीत
त्याचं गुलफूल झालं,
अन् त्यानं पाटीवर तसंच रंगवून घेतलं.

माझा आजा त्याचा मुनशी.
सांगायचा: उंच, उन्हानं सोललेला माणूस,
ठेचा भाकर चालायची,
पण कुणी इंग्रज म्हटलं की ताटावरून उठायचा.
आमचंही त्यांनीच घेतलं, म्हणायचा,
एक डोंगर, एक नदी, दगडी बुरूज.
आता तिथं दुसऱ्याच्या मेंढ्या चरतात.
कागद नव्हता ना आमच्यापाशी.

संध्याकाळी ओसरीत, पहिल्या धारेची घेऊन,
पूर्वज मोजायचा बोटांवर
फर्गल, कहल, डोनक, तीग
एकवीस पिढ्या एका दमात.
आजा हुंकार भरायचा.
एक नाव चुकलं, मुनशी, तर सगळे मरतात.

लच्छू आत्रामची केस त्यानं फुकट घेतली.
जंगलखात्यानं तार ओढली होती,
मोहाची पाच झाडं आत गेलेली.
मुन्सफानं विचारलं, पुरावा?
लच्छूची माय उभी राहिली.
कोलामीत बोलली, दुभाष्या अडखळत गेला:
ही थोरली. ही बहिरी. दुधी. वाकडी.
अन् ती सासू,
उशिरा फुलते, पण टोपलं तीच भरते.

मुन्सफानं लिहिलं:
नावं म्हणजे दस्तऐवज नव्हे.

छकडा दारात उभा होता,
तरी गुलफूल वकील पायी निघाला,
आठ मैल, टोपी हातात.
त्यानंतर पूर्वज मोजले नाहीत त्यानं.
आजानं एकदा आठवण दिली
तर म्हणाला, राहू दे, गाय आली का बघ.

हिवतापात गेला, तान्ह्या पोळ्याला.
बाहेर पोरं लाकडी बैल ओढत होती,
चाकांचा आवाज आत येत होता.
अचानक बोलू लागला.
आजानं सवयीनं दौत जवळ घेतली,
बयान समजून.
फर्गल, कहल, थोरली,
डोनक, बहिरी, तीग...
आजा थांबवणार होता.
थांबवलं नाही.
सव्वीस भरली.

तो कागद माझ्यापाशी आहे,
वकालतनाम्याच्या पाठीवर, शाई तांबूस झालेली.
आजाची मोडी मला धड लागत नाही.
कोणतं नाव माणसाचं, कोणतं झाडाचं,
दोनचार जागी सांगता येत नाही.

सासू तेवढी ओळखू येते.
सगळ्यात खाली आहे.
उशिरा.