पाच बैसे

संध्याकाळच्या वर्गात शाळेचा गणवेश घातलेली मी एकटीच.
बाकी सगळे कामावरून आलेले.
बँकेतली इब्तिसाम, बोटांना शिक्क्याची निळी शाई.
वादी कबीरचा टायरवाला दाद रहीम
वही उजवीकडून उघडतो, हसतो, उलटी करतो.

अकरावीत कॉलेजचा अकाउंटिंगचा कोर्स.
फी पंच्याऐंशी रियाल, तीन हप्त्यांत.
शाळेतल्या मॅडमनी विचारलं, झेपेल का?
आई म्हणाली, हप्ता झेपेल, बाकी तिचं ती बघेल.

पुस्तक परदेशी, त्यात दशांशानंतर दोनच घरं.
मस्कतमध्ये तीन. हजार बैशांचा रियाल.
माझी पहिली तेरीज अडली पाच बैशांवर.
उस्ताद तय्यिब खार्टूमचे. आवाज कधी चढत नाही.
म्हणाले, पाच बैसे म्हणजे काहीच नाही
असं वाटत असेल तर चित्रकला घे, बिन्ती.

रुवीच्या घरात रात्री दीडपर्यंत शोधत बसले.
एसी बंद, कारण बिल.
खिडकीबाहेर तो उघडा डोंगर, त्यावर एक झाड नाही,
आणि एक अरबी पावती, शेवटी गोल.
अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो.
मी शून्य वाचलं होतं.

डेप्रिसिएशनला मराठीत काय म्हणतात, मी बाबांना विचारलं.
घसारा, ते लगेच म्हणाले. मला घसरगुंडी आठवली.
कीर्द, खतावणी, बुडीत कर्ज,
एकेक शब्द काढत गेले, जसे स्टोअरमधून नट-बोल्ट देतात,
न मोजता, अचूक.
बी.कॉम.चं दुसरं वर्ष कुडाळला राहिलं होतं.
ते त्यांनी सांगितलं नाही, मीही काढलं नाही.

आई डब्यांचा हिशेब दिनदर्शिकेच्या पाठीवर ठेवते,
एक डबा एक फुली, उधारीला गोल.
तिला समजावलं, आई, प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा असतो.
कुकरचं झाकण लावत ती म्हणाली,
एक इथं, एक गावी. मग आपण काय वेगळं करतोय?

धंदा चालू राहणार, हे गृहीत धरायचं,
उस्तादांनी फळ्यावर लिहिलं. पुढचं वर्ष आहे असं समजून लिहा.
मागून कुणीतरी हसलं.
दर दोन वर्षांनी रहिवासी कार्ड नवं करणारे आम्ही,
सगळेच हसलो मग, इब्तिसाम सोडून.
उस्तादांनी मार्करचं टोपण लावलं. पुन्हा काढलं.
ते काही हसले नाहीत.

सातव्या धड्यात कामगारांचं सेवाअखेरचं देणं.
आजच तरतूद करून ठेवायची, कंपनीच्या दायित्वांच्या बाजूला.
उदाहरणासाठी कुणीही घ्या, उस्ताद म्हणाले.
मी घेतला एक स्टोअर सुपरवायझर,
मूळ पगार दोनशे चाळीस, वर्षं एकोणीस.
वर्षाला एक पगार. चार हजार पाचशे साठ.
गालाच्या कुठल्यातरी ऑफिसात, कुणाच्यातरी ताळेबंदात
बाबा या आकड्यात बसलेत
आणि तिथल्या कुणाला ते दिसत नाहीत, हे मला त्या वेळी कळलं.

पॉइंटनंतर तीन शून्यं मी गोल, सुबक काढली.
इब्तिसाम वाकून बघते,
पाचशे पंचावन्न बैसे? कुठून आले?
नाही नाही, म्हटलं, काही नाहीये तिथं.

रात्री बाबांना वही दाखवली, कुणाचं उदाहरण ते न सांगता.
त्यांनी चष्मा वर केला, एकोणीसवर बोट ठेवलं.
हे चुकलंय. अठरा वर्षं आठ महिने.
कंपनी बंद होती तेव्हाचे चार महिने बिनपगारी,
ते धरत नाहीत.

मी ऐंशी वजा केले.
वाच, म्हणाले.
चार हजार चारशे ऐंशी.
बैसे?