शंभर किलोमीटरनंतर

कयानीत आमच्या गॅरेजमागे एक लांबट शेड आहे.
टायरांचं वसतिगृह म्हणतो आम्ही तिला.
उन्हाळ्यात हिवाळी टायर झोपतात, हिवाळ्यात उन्हाळी,
चार-चारच्या चळती, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली
मालकाच्या नावाची चिठ्ठी.

ऑक्टोबर सरता सरता फोन थांबत नाही.
रेडिओवर कुणीतरी काळा बर्फ असं म्हणतं
आणि गावाला एकदम माझी आठवण येते.

पूर्वी कायद्यात महिने होते,
डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कॅलेंडर बघायचं, झालं.
आता लिहिलंय, नोव्हेंबर ते मार्च,
हवा किंवा रस्ता मागेल तेव्हा.
म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे खिडकी पाडली.
लोकांना खिडकी आवडत नाही.
"पण नक्की कधी?" विचारतात.
मी म्हणते, कुत्र्याला फिरवताना पाय घसरला की.

औने केम्पाइनेन आली
ती तीन किलोमीटर दुसऱ्या गिअरमध्ये,
मागे सात गाड्यांची वरात.
"चळत अर्मसच्या नावावर आहे. तो येणार नाही."
मला ठाऊक होतं. जूनमध्ये पेपरात छोटा चौकोन आला होता.
चिठ्ठीवर त्याचंच अक्षर:
पुढचा डावा, पुढचा उजवा,
आणि खाली, ऑक्टोबरात भेटू.

खाचेत काटा घातला. दोन पॉइंट आठ.
"कायद्याला तीन मिलिमीटर लागतात."
"एवढ्याशानं काय बिघडतं?
तो म्हणायचा, अजून एक हिवाळा निघेल."
मी एक युरोचं नाणं खाचेत उभं केलं.
सोनेरी कड बाहेर डोकावत होती.
कायदा तीन म्हणतो, मी चार म्हणते,
बर्फ काहीच म्हणत नाही.

मग तिला हात पसरायला सांगितला.
"एका टायरचा रस्त्याशी संबंध एवढाच, तळहाताएवढा.
असे चार तळहात.
वर दीड टन लोखंड आणि तुम्ही."
ती तळहाताकडे बघत राहिली,
भविष्य नाही, बिल वाचावं तशी.

नवे घेतले, खिळ्यांचे. चारही.
दोन खिळ्यांचे नि दोन बिनखिळ्यांचे चालत नाहीत,
चौघांनी एकच बोली बोलायची.
बाण फिरण्याच्या दिशेला, हवा थंडीत मोजलेली.
जुन्या चळतीची गाठ तिने दातांनी सोडवली,
चिठ्ठी हातमोज्यात सारली.

"शंभर किलोमीटर झाले की या, बोल्ट आवळून देते.
चाक नव्यानं बसवलं की थोडं सैलावतं."
"शंभर?"
मी उत्तर ध्रुव म्हटल्यासारखं तिने विचारलं.
"एकेचाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसले मी.
नकाशा मांडीवर. लायसन्स पाकिटात, कोरं करकरीत."
तो गाडी अशी चालवायचा म्हणे
की पोटातलं पाणी हलायचं नाही.
मी गप्प राहिले. मी त्याचे टायर बघितले होते.

शंभरचा नियम बिलामागे छापलेला असतो.
कुणी येत नाही.

ती आली. बाराव्या दिवशी, भुरभुर हिमात.
काचेमागचा आकडा मी वजा करून बघितला, एकशे तीन.
"सोत्कामोला गेले. बहिणीकडे.
सोळा वर्षं बोलत नव्हतो."
"जाऊन-येऊन शहात्तर होतात."
"रस्ता चुकले."
मग हातमोजे काढता काढता,
"पहिल्यांदा चुकून."

मी पाना लावला. वीस बोल्ट.
एकोणीस जागचे हलले नाहीत,
मागच्या उजव्या चाकाचा एक जवभर फिरला आणि टक् झाला.
"सैल होता?"
"थोडासा."
तिने मान डोलावली, जणू तो कुठला ते तिला आधीच माहीत होतं.

पैसे मी घेतले नाहीत, ह्याचे घेत नाही कुणाकडून.
फाटकापर्यंत दुसरा गिअर.
खिळे डांबरावर दाणे चावल्यासारखे कुरकुरत गेले,
दिव्याच्या खांबापाशी गाडी जरा अडखळली,
मग आवाज बदलला.
तिसरा.