रुमालाखालचा भाव

तुर्भ्याच्या फळबाजारात ढोबळे शेठच्या गाळ्यावर
बावीस वर्षं मी हिशेब लिहिते.
पेटीमागे किती, हमाली किती, तोलाई किती.
आजारपणातही जायचे, जमेल तेव्हा, मास्क लावून,
आणि सात महिने
त्यातलं एक फळ तोंडात गेलं नाही.

केळं सोडून. केळं चालायचं.
केळं येतं तेच पॅकिंगमध्ये, असं
ओव्हाळ मॅडम म्हणायच्या, खारघरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर.

द्राक्षं नाहीत. पेरू नाही. कोशिंबीर नाही.
वरून भुरभुरलेली कोथिंबीरसुद्धा नाही,
नुसते पिवळे पोहे,
कुंकू न लावता घराबाहेर पडलेल्या बाईसारखे.
विद्याधरने चमचे बदलले. स्टीलचे गेले, लाकडी आले,
कारण पाणीसुद्धा मला
कुलपाच्या किल्लीसारखं लागायचं.

मार्चमध्ये शेवटची बाटली थेंब थेंब संपली.
नर्सला विचारलं, आता?
म्हणाली, आता थांबा.

मला वाटलेलं, संपलं म्हणजे संपलं,
वाटेतच सानपाड्याला उतरायचं, उसाचा रस, बर्फ घालून.
पण काउंट हा जुना दलाल.
भाव लगेच सांगत नाही.

आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत म्हातारी माणसं अजून
रुमालाखाली हात घालून सौदा करतात.
दोन बोटं दाबली की एक आकडा, मनगट धरलं की दुसरा,
चेहऱ्यावर काही नाही.
एप्रिलभर मी तशीच बसले होते,
रुमालाखाली माझाच हात,
आणि पलीकडून कोण बोटं दाबतंय ते कळेना.

मग कागदावर आकडा आला. पुरेसा.
मॅडमनी मागच्या बाजूला लिहून दिलं:
एका वेळी एकच नवं. आधी सोललेलं.
घरी चिरा, चिरल्या चिरल्या खा.
गाडीवरचं कापलेलं कलिंगड, पाणीपुरी, रस: अजून विचारायचंही नाही.
ताप आला तर रात्रीचे दोन असोत, फोन.
मी विचारलं, द्राक्षं?
सगळ्यात शेवटी, म्हणाल्या,
घडातून एकेक तोडून, वाहत्या पाण्याखाली.

पहिला मान काकडीला.
विद्याधरने हात धुतले, सुरी धुतली, काकडी धुतली, पुन्हा हात.
मासळीची फळी वेगळी ठेवली, वर तिच्यावर फडकं टाकलं,
जणू तिने बघूही नये.
साल इतकी जाड काढली की काकडी निम्मी झाली.
दाणे भाजून कूट, दही घरचं, उकळलेल्या दुधाचं,
आणि फोडणी अशी ओतली की काकडी चुरचुरली.
मी म्हटलं, अरे, हिलाही शिजवतोस का आता?
तो हसला नाही.

एक घास घेतला.
चव विचाराल तर आधी आलाच नाही तिचा पत्ता.
आधी आवाज आला.
करकर.
सात महिने माझ्या तोंडात आवाज नव्हता.
मऊ भात, मऊ दुधी, मऊ खिचडी,
मऊ बोलणारे पाहुणे.

रात्री तीनदा उठला विद्याधर,
माझ्या कपाळाला हात लावायला.
मी जागीच होते, डोळे मिटून.
तिसऱ्यांदा त्याचा हात चादरीखाली ओढला
आणि दोन बोटं दाबली.
तो शाळामास्तर. त्याला काय कळणार किती झाले.
पण हात तसाच ठेवला त्याने, सकाळी बघते तर
मुंग्या आलेल्या.

मग सोललेलं सफरचंद. मग टोमॅटो.
एका बुधवारी पोह्यांवर कोथिंबीर, चार पानं, मोजून.
द्राक्षांपर्यंत पोचले तोवर
हंगाम संपलेला. गाळ्यात सगळीकडे आंब्याचा पेंढा.
ढोबळे शेठ म्हणाले, पुढल्या वर्षी पहिली पेटी तुमची.
पुढल्या वर्षी. किती सहज म्हणाले.

मी खातेवही उघडली,
स्वतःच्या नावाने पान टाकलं,
आणि लिहिलं: द्राक्षं, एक पेटी.
येणे बाकी.